मिठाच्या पुड्यावरचे तीन पैसे

समजा, अर्धा किलो मिठाचे दोन पुडे समोर आहेत. एक १३ रुपयांचा, दुसरा १७ रुपयांचा. पुडा उलटा केला की एमआरपीच्या आसपास बारीक टायपात आणखी एक आकडा असतो: 'यूएसपी', म्हणजे एकक विक्री किंमत. नियमाप्रमाणे पहिल्या पुड्यावर हा आकडा येतो ०.०३ रुपये प्रति ग्रॅम. दुसऱ्यावरही ०.०३ रुपये प्रति ग्रॅमच. किलोवर नेलं तर पहिलं मीठ २६ रुपयांना पडतं आणि दुसरं ३४ रुपयांना. किलोमागे आठ रुपये, म्हणजे तीस टक्क्यांचा फरक. तो ग्राहकाला दिसावा म्हणूनच ही ओळ छापली जाते, आणि नेमका तोच तिच्यात दिसत नाही.

यात कुणा कंपनीची लबाडी नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये नोव्हेंबर २०२१ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासूनची ही तरतूद आहे. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर भाव ग्रॅमला छापायचा, जास्त असेल तर किलोला. पातळ पदार्थांना तसंच, मिलिलिटर आणि लिटर. आकडा रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत, जवळच्या पैशाला नेऊन. पुडा बरोबर एक किलोचा किंवा एक लिटरचा असेल, तर किंमत आणि भाव एकच असल्यामुळे वेगळी ओळ छापायची गरज नाही.

वाचताना नियम निरुपद्रवी वाटतो. दुकानात तो कसा वागतो ते बघा. पाच किलो गव्हाच्या पिठाची पिशवी २४५ रुपयांना असेल तर तिच्यावर येईल ४९.०० रुपये प्रति किलो. त्याच कंपनीचा अर्ध्या किलोचा पुडा ३२ रुपयांना असेल तर त्याच्यावर ०.०६ रुपये प्रति ग्रॅम. आता ४९ आणि ०.०६ यांची तुलना करायची. दशांश चिन्ह तीन घरं सरकवायचं हे ज्याला सुचेल, त्याचंही उत्तर येईल ६० रुपये किलो. खरा भाव ६४ आहे. चार रुपये जवळच्या पैशाला नेण्यात गेले.

ही चूक कुठपर्यंत जाऊ शकते, हे काढायला आठवीचं गणित पुरे. दोन दशांश स्थळं म्हणजे ग्रॅममागे जास्तीत जास्त अर्ध्या पैशाची तफावत. हजार ग्रॅमना पाच रुपये. हे पाच रुपये कुठल्याही मालाला तेच राहतात, मग तो माल मीठ असो की केशर. म्हणून टक्केवारीतली चूक = ५ ÷ किलोचा भाव × १००. तीस रुपये किलोच्या मिठाला ती जवळजवळ १७ टक्के होते. साठ रुपये किलोच्या पोह्यांना आठ टक्क्यांच्या वर. सहाशे रुपये किलोच्या चहाला एक टक्काही नाही, आणि बदाम-पिस्त्यांना तर बोलायलाच नको. मीठ, पीठ, रवा, पोहे, साखर या जिनसांत ही ओळ सगळ्यांत जास्त चुकते. ज्यांच्या महिन्याच्या खर्चाचा मोठा वाटा याच जिनसांवर जातो, त्यांना तिचा सगळ्यांत कमी उपयोग. ज्यांना चार-पाच रुपयांनी फरक पडत नाही, त्यांच्या सुक्यामेव्याचा भाव मात्र अगदी अचूक छापला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे: भाव किलोला छापा. पुडा पन्नास ग्रॅमचा असो की पाच किलोचा. लिटरचं तसंच. आणि ही मागणी गणिताच्या शिक्षकांनी, ग्राहक संघटनांनी आणि पालकांनी मिळून करायला हवी, कारण प्रश्न जितका कायद्याचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे.

मंडईत ग्रॅमचा भाव कुणी सांगत नाही. भेंडी 'सहा पैसे ग्रॅम' अशी ओरडून विकणारी भाजीवाली कल्पनेत तरी आणून बघा. ती 'पाव पंधरा' म्हणते आणि शेजारचा गाडीवाला 'किलो पन्नास' म्हणतो. चारने गुणायला गिऱ्हाइकाला वेळ लागत नाही. सोनं दहा ग्रॅमला, दूध लिटरला, केळी डझनाला. प्रत्येक धंद्याने स्वतःचं एकक ठरवलं आणि त्याला धरून राहिला, म्हणून दोन दुकानांतले भाव तोंडी ताडून बघता आले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे आपल्याकडे पाठ करून घेत, ते याच कामासाठी. १९५७ साली दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले आणि पाढ्यांचं ओझं उतरलं. किलोचा जो भाव, त्याचा दहावा भाग शंभर ग्रॅमचा. यापेक्षा सोपं काय असणार? सहा दशकांनंतर आपण छापील ओळीत तीच सोय घालवून बसलो आहोत.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) त्रैराशिकाचं एक उदाहरण आहे. अडीच पळं केशर तीन सप्तमांश निष्काला मिळतं, तर नऊ निष्कांना किती मिळेल? (पळ हे तेव्हाचं वजन, निष्क हे नाणं.) उत्तर साडेबावन्न पळं. मला त्यातली गंमत वाटते ती संबोधनाची. प्रश्न विद्यार्थ्याला न विचारता 'वणिग्वरा', म्हणजे व्यापारीश्रेष्ठा, असं म्हणून विचारला आहे. हिशेब मांडायची जबाबदारी विकणाऱ्यावर! चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात ग्राहकांकडून राजाला जाणारा कराचा वाटा मठाला दिल्याची नोंद आहे. बाजारात खरेदी करणाऱ्यांच्या पैशावर गणिताची शाळा चालली, हे उदाहरण आपल्याच खानदेशातलं आहे.

हा नियम आला कुठून, तेही पाहू. त्याआधी काही मालांना ठरावीक वजनातच पॅकिंग करावं लागे. चहा, कॉफी, बिस्किटं, पीठ, मीठ, खाद्यतेल, साबण, दूध पावडर अशा १९ प्रकारांची यादी नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. कुणी कितीही वजनाचं पाकीट काढावं; ग्राहकाची गैरसोय होऊ नये म्हणून एकक किंमत छापावी, असा हा सौदा होता. उद्योगाच्या बाजूने सौद्याचा पूर्वार्ध पाळला गेला. तेलाच्या ८५० ग्रॅमच्या, ८७० ग्रॅमच्या पिशव्या फळीवर आल्या. उत्तरार्ध अर्धवट राहिला.

तेलाचंच घ्या. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा, एका पिशवीवर '१ लिटर' आणि १५० रुपये, दुसरीवर '८५० ग्रॅम' आणि १४३ रुपये. सात रुपये वाचले म्हणून हात दुसरीकडे जातो. भागाकार केला तर पहिलं तेल किलोला सुमारे १६५ रुपये पडतं, दुसरं १६८. स्वस्त दिसणारी पिशवी महाग निघाली. आणि यूएसपी? पहिली बरोबर एक लिटरची, म्हणून तिच्यावर ओळ नसली तरी चालतं. दुसरीवर ०.१७ रुपये प्रति ग्रॅम. यातून कुणी काय समजावं? तेल तापमानाप्रमाणे प्रसरण पावतं, याचाही फायदा काही उत्पादक घेत होते. चढ्या तापमानाला मोजलेलं आकारमान छापलं की तेवढ्याच आकड्यात तेल कमी बसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून वजनही छापायला सांगितलं, हे बरं झालं. निदान भागायला एक भरवशाचा आकडा मिळाला.

यावर एक नेहमीचा आक्षेप आहे. खिशात मोबाइल आहे, त्यात कॅल्क्युलेटर आहे, ज्याला करायचा तो करील हिशेब. लोकांना शिकवा, नियम कशाला बदलता? या म्हणण्यात मला निम्मं तथ्य दिसतं. काही समीकरणं ग्राहकालाच मांडावी लागणार, ती कुठल्याच लेबलवर बसणार नाहीत. '५० टक्के + २० टक्के सूट' या पाटीचं घ्या. ती सत्तर टक्के सूट नव्हे. निम्मी किंमत झाली, तिच्या वीस टक्के आणखी गेले: ०.५ × ०.८ = ०.४, सूट साठ टक्के. 'त्याच किमतीत २५ टक्के जादा' म्हणजे १ ÷ १.२५, फक्त वीस टक्क्यांची सूट. सराफाकडे 'घडणावळीवर ५० टक्के सूट' असते. घडणावळ सोन्याच्या किमतीच्या १४ टक्के धरली तर बिलात प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. मॉलमध्ये सहा टक्के स्वस्त मिळतं, पण रिक्षाला जाऊन-येऊन १२० रुपये पडतात, तर ०.०६ × क्ष = १२०; दोन हजारांच्या आत खरेदी असेल तर कोपऱ्यावरचा वाणी बरा. हे ज्याचं त्यानेच करायचं.

पण भागाकाराचं तसं नाही. महिन्याच्या यादीत तीस-चाळीस जिनसा, प्रत्येकीचे तीन-चार पर्याय, म्हणजे शंभरावर भागाकार, तेही गर्दीत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोराचं बोट धरून. एवढे भागाकार कुणीच करत नाही. मीही करत नाही. कंपनी तो भागाकार पाकिटामागे एकदाच करते आणि लाखो पाकिटांवर छापते. तो तिने पुरा करावा, ही अपेक्षा अवास्तव कशी? युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशात एकक किंमत म्हणजे किलोची, लिटरची किंवा मीटरची किंमत, असं धरलं. ऑस्ट्रेलियाने २००९ पासून मोठ्या किराणा दुकानांना ती बंधनकारक केली आणि तिथे बहुतेक मालाला १०० ग्रॅम हे एकक आहे. किलो घ्या की शंभर ग्रॅम, मला त्याचा हट्ट नाही. पुडा लहान झाला म्हणून एकक बदलू नये, एवढं पुरे.

जीएसटी उतरला तेव्हाचा प्रसंग या वादात फार बोलका आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अठरातून पाच गेले, तेरा टक्के स्वस्ताई, असा तोंडी हिशेब सहज होतो. तो चुकीचा आहे. शंभर रुपये एमआरपीत कर धरलेला असतो, म्हणून क्ष × १.१८ = १००, क्ष = ८४.७५ रुपये. त्यावर पाच टक्के चढवले की ८८.९८. शंभराची वस्तू ८९ ला यायला हवी होती, ८७ ला नव्हे. ८९ ला विकणाऱ्या दुकानदारावर 'दोन रुपये खाल्ले' असा संशय घेतला तर तो अन्याय. समीकरण ग्राहकाची बाजू घेतं असं नाही. पुष्कळदा ते दुकानदाराला निर्दोष सोडतं, आणि मला त्याचं हेही मोल वाटतं.

पण त्याच बदलात पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचं काय झालं पाहिजे? त्याच हिशेबाने त्याची किंमत ४ रुपये ४५ पैसे व्हायला हवी. ५५ पैसे सुटे देणार कोण? मग दुसरा रस्ता, किंमत पाचच ठेवायची आणि माल वाढवायचा. किती? १.१८ ÷ १.०५, म्हणजे साडेबारा टक्क्यांना किंचित कमी. पन्नास ग्रॅमचा पुडा ५६ ग्रॅमचा व्हावा. एखाद्याने तो ५३ चाच केला तर? निम्मा फायदा ग्राहकाला, निम्मा गल्ल्यात. आता छापील ओळ बघा. ५ ÷ ५६ म्हणजे ०.०८९, छापायचे ०.०९. ५ ÷ ५३ म्हणजे ०.०९४, छापायचे ०.०९. सगळा कर परत देणारा आणि निम्मा ठेवून घेणारा, दोघांची पाकिटं कागदावर सारखीच. किलोला छापलं असतं तर एकावर ८९ रुपये २९ पैसे दिसले असते आणि दुसऱ्यावर ९४ रुपये ३४ पैसे.

पाच-दहा रुपयांच्या पुड्यांबद्दल सुशिक्षित घरांत एक उपदेश हटकून ऐकू येतो: गरिबांनी मोठं पाकीट घ्यावं, स्वस्त पडतं. हा उपदेश दोनदा चुकतो. रोजंदारीवर घर चालतं तिथे आज हातात किती रोकड आहे ही समीकरणाची पहिली अट असते; भाव नंतर. आणि मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलिलिटरच्या भावात बाटलीपेक्षा कित्येकदा स्वस्त पडतात. पुड्या घेणारी बाई अडाणी आहे असं समजणाऱ्यानेच बाटलीला जास्त पैसे मोजलेले असतात. दहा ग्रॅम किंवा दहा मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना नियमांत सवलत आहे, म्हणजे ही तुलना छापील ओळीवरून करताच येत नाही. तिथेही लिटरचा भाव छापला, तर चकित व्हायची पाळी बाटलीवाल्यांवर येईल.

शाळेबद्दल थोडं. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे, आणि पुढे 'अर्थनियोजन' प्रकरणात जीएसटीही आहे. विषय अभ्यासक्रमात नाही असं कुणी म्हणू नये. पण पुस्तकातल्या गणिताला लागणारे सगळे आकडे पुस्तकच देतं, नको असलेला एकही देत नाही. पाकिटावर दहा आकडे असतात: निव्वळ वजन, एमआरपी, 'मोफत' वजन, कॅलरी, बॅच क्रमांक, यूएसपी. त्यांतले कुठले दोन उचलायचे हे ठरवणं हेच खरं समीकरण मांडणं, पुढचा भागाकार यंत्रही करतं. मुलांनी घरातली रिकामी पाकिटं वर्गात आणावीत, किलोचे भाव काढावेत, आणि छापील यूएसपीशी ताडून कुठे किती टक्के फरक पडतो त्याचा तक्ता करावा. त्यासाठी शासनाच्या जीआरची वाट पाहायला नको. असे तक्ते शे-दोनशे शाळांतून निघाले तर नियम बदलण्यासाठी लागणारा पुरावाही आपोआप गोळा होईल.

मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून वाणसामान एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. घाऊक भाव आणि किरकोळ भाव यांतला फरक हजारो घरांना त्यातून पाठ झाला. ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या कायद्यात आणि नंतर २०१९ च्या कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. प्रमाण मिळालं, किंमत मिळाली. दोन्हींचा भागाकार वाचण्याजोगा मिळावा, ही मागणी त्याच हक्कात बसते.

राहिला छोट्या उत्पादकांचा आक्षेप, आणि तो मला मोठ्या कंपन्यांच्या आक्षेपापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पापड, लोणची, मेतकूट करणाऱ्या बचतगटाला दर नव्या नियमाबरोबर लेबलं फेकून द्यावी लागतात. छपाईचा खर्च, त्यात वजनमापे खात्याची तपासणी आणि दंडाची भीती. म्हणून छापून ठेवलेली लेबलं संपेपर्यंत मुदत द्यावी, आणि ती सगळ्यांना सारखी न ठेवता छोट्यांना जास्त द्यावी. बाकी त्यांच्यावर नवं ओझं येत नाही. जागा आहे, ओळ आहे, भागाकार ते आजही करतातच. २०० ग्रॅम मेतकूट ९० रुपयांना असेल तर '०.४५ रुपये प्रति ग्रॅम' असं लिहितात, तिथे '४५० रुपये प्रति किलो' लिहायचं.